हॅलोबाईंची सत्तर अक्षरं

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, एक तिकोनी खोली होती. उंच माणसाला आत शिरताना मान वाकवावी लागे. तिथे टेलिफोनचा बोर्ड होता आणि त्या बोर्डासमोर बावीस वर्षं एकच बाई बसत होत्या. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपटाबाहेर ते कोणी वापरल्याचं ऐकिवात नाही. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना त्या हॅलोबाई.

आवाज असा, की पितळी भांड्यावर चमचा वाजावा. पलीकडून रडत रडत कोणी बोलू लागलं की त्या आधी त्याला घोटभर पाणी प्यायला लावत, मग विचारत, "आता सांगा, कोणत्या वॉर्डात आहेत?" कोणता डॉक्टर किती वाजता कुठे सापडेल याचा अख्खा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. भूल देणारे डॉक्टर जेवायला बसले की स्वतःचा फोन उचलत नाहीत, शेजारच्या खोलीतला वाजला तर वैतागून उचलतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्या शेजारच्याच खोलीत फोन लावत. आसपासच्या सगळ्या आरोग्य केंद्रांत फोनशेजारी कोण बसतं, रुग्णवाहिकेचा चालक कुठे चहा पितो, हेही तोंडपाठ.

दोष होतेच. हट्टीपणा हाडात मुरलेला. चूक कबूल करायला निदान एक दिवस मध्ये जावा लागे. आणि तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की समोरच्याने छत्री उघडावी.

घरी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. नवरा इलेक्ट्रिशियन, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारा, त्यातली दहा "मेन स्विच बंद आहे ना?" हीच. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. आणि सासूबाई. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे सासूसुनेचं भांडण नेहमी वरच्या पट्टीत चाले. विषय ठरलेले: खिडकी उघडी ठेवायची की बंद, भाजीत मीठ कोणी दुसऱ्यांदा टाकलं, आणि सासूबाईंचा चष्मा कोणी हलवला. खालच्या मजल्यावरच्यांना या घरातली कुठलीही बातमी वेगळी सांगावी लागत नसे.

पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना बाईंच्या गळ्यात गाठ आली. ती काढायलाच हवी होती. आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून जाते, धोका आहे, हे डॉक्टरांनी आधी दोनदा सांगितलं, बाईंनी कागदावर सही केली, आणि शुद्धीवर आल्यावर "किती वाजले?" विचारायला गेल्या तर तोंडातून नुसती हवा आली.

"येईल हळूहळू," सगळे म्हणाले. तीन महिने गेले, सहा गेले. गळ्यातली आवाजाची एक पट्टी हलायचीच बंद झाली होती. राहिली फक्त कुजबुज, तीही समोरच्याने कान जवळ आणला तर. घरात फोन वाजला की बाईंचा हात सवयीने जायचा. पलीकडचा माणूस "हॅलो? हॅलो? लागत नाही वाटतं" म्हणून ठेवून द्यायचा. असं तीनदा झाल्यावर बाईंनी फोन कपाटात, चादरींच्या घडीखाली ठेवून दिला.

घरात शांतता झाली, आणि ती सर्वांत आधी सोसली नाही सासूबाईंना. आठवडाभर त्या गप्प राहिल्या, मग मुलाला म्हणाल्या, "अरे, ही तोंड हलवते पण मला काही पोचत नाही. मी भांडू कोणाशी? तुझ्याशी? तुझ्याशी भांडणं म्हणजे भिंतीशी."

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी बटणांचा एक साधा फोन आणला, त्यातली अक्षरं मोठी करून आईच्या हातात दिला. चादरींखालचा फोन काढून बायकोच्या हातात दिला. "लिहून भांडा," एवढंच म्हणाला आणि कामाला गेला. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. स्वयंपाकघरातून पहिला निरोप गेला. बाहेरच्या खोलीत बसून सासूबाईंनी तो एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचला: "खि-ड-की... मी-च... बं-द... के-ली." मग खुर्चीतून उठल्या, खिडकी सताड उघडली, आणि कित्येक दिवसांनी त्या घरात हसू फुटलं.

सुटी संपून बाई कामावर गेल्या तेव्हा जिन्याखालच्या खोलीत एक पेटी बसवलेली होती. फोन केला की तीच बोलायची: अमुक हवं तर एक दाबा, तमुक हवं तर दोन. साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. साहेब मनाने वाईट नव्हते, पण शब्द निवडून बोलायची सवय त्यांना नव्हती.

"रेकॉर्डमध्ये एक टेबल रिकामं आहे," ते म्हणाले. "हृदय विभागाचे पेशंटना जाणारे निरोप कॉम्प्युटरवरून पाठवायचे. सोपं काम आहे. बोलायचं काही नाही."

बोलायचं काही नाही. हे तीन शब्द बाईंना झोंबले. त्यांनी मान हलवली आणि वर रेकॉर्डच्या खोलीत जाऊन बसल्या. तीन भिंतींना छतापर्यंत फायली, एक खिडकी, आणि समोरच्या टेबलावर रेकॉर्डवाले भाऊ, जे जेवणानंतर फाइल उभी धरून तिच्यामागे डुलकी काढत.

काम काय होतं, तर हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या लोकांचं. अशा माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर रक्ताची गाठ धरते, जास्त झाली तर कुठूनही रक्त वाहायला लागतं. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. त्याचा एक आकडा येतो. तो साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये असावा लागतो, आणि त्या आकड्यावर पुढची गोळी ठरते. आधी लोक त्यासाठी दिवस मोडून रुग्णालयात येत. चार तास येणं, चार तास जाणं, आणि मध्ये दोन मिनिटांचं उत्तर: "आहे तेच चालू ठेवा." हृदय विभागाच्या डॉक्टरबाईंनी हे बदललं. रक्त गावातल्या प्रयोगशाळेत द्यायचं, आकडा मोबाइलवर इथे पाठवायचा, डॉक्टरबाई गोळी ठरवणार आणि निरोप उलट जाणार. जिथे नेटचा पत्ता नाही तिथेही साधा निरोप पोचतो, त्यामुळे लोक खूश होते.

पहिले दोन महिने हॅलोबाईंनी हे काम रागाने केलं. विभागातून कागद यायचा, त्यावरचा मजकूर त्या जसाच्या तसा टाइप करायच्या, बटण दाबायच्या. वाचायच्याही नाहीत.

तेव्हाच एका मंगळवारी टेलरमास्तर आले.

मास्तर साठीचे, बारीक अंगाचे. कपडे शिवायचं दुकान राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, रुग्णालयापासून दोन तासांवर. गेले दोन दिवस हिरड्यांतून रक्त येत होतं आणि दंडावर मोठाले निळे डाग उठले होते. डॉक्टरबाईंनी आकडा तपासला तर सहाच्या वर. त्यांनी मास्तरांना ठेवून घेतलं, औषध दिलं, आणि विचारलं, "गोळी किती घेत होता?"

"तुम्ही कळवली तेवढी," म्हणत मास्तरांनी फोन पुढे केला. त्यावर निरोप होता: "आपणांस कळविण्यात येते की, सोमवार, बुधवार व शुक्रवार रोजी एक गोळी". एवढाच. पुढचा तुकडा, "घेणे बंद करून अर्धी गोळी सेवन करावी", मास्तरांच्या फोनपर्यंत आलाच नव्हता. मास्तरांना वाटलं, रोजची एक आहेच, त्यावर या तीन दिवशी आणखी एक.

कागद घेऊन डॉक्टरबाई स्वतः रेकॉर्डच्या खोलीत आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "मजकूर आमच्याच विभागातून आला होता," त्या म्हणाल्या, "पण असा तुटला कसा, ते शोधायला हवं."

बाईंनी तो कागद पहिल्यांदाच नीट वाचला. बटण त्यांच्या बोटाने दाबलं होतं. त्या खाली वॉर्डात गेल्या. मास्तर खाटेवर बसून उशीच्या अभ्र्याची शिवण बघत होते. बाईंनी जवळ वाकून कुजबुजत सांगितलं, "तो निरोप मी पाठवला होता. चुकलं माझं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याच दिवशी चूक कबूल केली असावी.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, कापड अर्धंच आलं तर मी शिवायला घेत नाही, गिऱ्हाइकाला विचारून घेतो," ते म्हणाले. "इथे मी न विचारता शिवायला घेतलं. निम्मी चूक माझीही धरा. पण तुमच्या दुकानात विचारायचं कोणाला, ते कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाई कॉम्प्युटरची कामं बघणाऱ्या माणसाच्या मागे लागल्या. त्याने सांगितलं ते असं: आपल्या लिपीत एका निरोपात फक्त सत्तर अक्षरं मावतात. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी, अनुस्वार, दोन शब्दांतली मोकळी जागा, सगळं वेगळं मोजायचं. 'र्ध'सारखं जोडाक्षर तर तीन खातं. सत्तरच्या पुढे गेलं की निरोपाचे तुकडे होतात, आणि जुन्या फोनवर कुठला तुकडा आधी पोचेल, पोचेल की नाही, याची हमी कोणी देत नाही.

बाईंनी चौकटीच्या कागदाची वही विकत आणली. एका ओळीत सत्तर चौकटी, त्यापुढे लाल पेन्सिलची उभी रेघ. एका चौकटीत एक खूण. घरी जेवणं झाली की त्या वही घेऊन बसू लागल्या. आणि निरोप तयार झाला की आधी जायचा सासूबाईंच्या फोनवर. कारण सासूबाईंकडे सगळं होतं: जुना फोन, अधू डोळे, चौथीची शाळा आणि सुनेच्या कामात खोट काढायची दांडगी हौस.

"उपस्थित राहावे," सासूबाईंनी वाचलं. "कोर्टाने बोलावलंय का मला?"

ते खोडलं.

"नोंद घ्यावी. कुठे घेऊ? वही दे."

तेही खोडलं.

"मा-त्रा... दोन. मात्रा म्हणजे? काना-मात्रातली? आणि गोळी सेवन करतात होय गं? गोळी घेतात."

आकड्यांवरून तर डॉक्टरबाईंशीच वाद झाला. विभागात दीड गोळी म्हटलं की एक पूर्णांक पाच दशांश लिहायची पद्धत: एक, टिंब, पाच. सासूबाईंच्या फोनवर ते टिंब माशीच्या पायाएवढं होतं आणि त्यांनी बिनधास्त वाचलं, "पंधरा." बाईंनी दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंसमोर कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं: पाव. अर्धी. पाऊण. एक. सव्वा. दीड. खाली एक ओळ: "यात टिंब नाही. गळून पडणार काय?"

डॉक्टरबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "माझी आजी असंच सांगायची," त्या म्हणाल्या. "लावा हेच." तेव्हापासून त्या विभागातून टिंबाचा आकडा बाहेर गेला नाही.

मग निरोप असा झाला: "आज रात्री जेवणानंतर अर्धी गोळी. रोज तशीच. कळलं तर हो पाठवा." मोजला तर एकोणसाठ. बाई खूश झाल्या. नवऱ्यालाही वाचून दाखवला. म्हणजे दाखवला, वाचला त्यानेच. सासूबाईंनी वाचून लगेच उत्तर पाठवलं, "हो."

बाई बाहेरच्या खोलीत गेल्या आणि कानाशी तोंड नेऊन विचारलं, "किती गोळी घ्यायची?"

"एक," सासूबाई ठामपणे म्हणाल्या.

"मग हो कशाला पाठवलं?"

"अगं, मी सगळ्यांनाच हो म्हणते. ऐकू नाही आलं तर काय दर वेळी विचारत बसू? हो म्हटलं की माणसं गप्प बसतात."

बाई तिथेच स्टुलावर बसल्या. बावीस वर्षं फोनवर त्यांनी हे "हो हो" हजारदा ऐकलं होतं. फोनवर ते पोकळ असलं की आवाजावरून कळायचं, मग त्या पुन्हा विचारायच्या. लिहिलेल्या 'हो'ला आवाज नव्हता. त्यांनी शेवटचे शब्द खोडले आणि लिहिलं: "आज रात्री जेवणानंतर अर्धी गोळी. रोज तशीच. किती घेणार? कळवा." पुन्हा मोजलं. तेवढीच, एकोणसाठ. आता माणसाला आपल्या हाताने "अर्धी" असं लिहून पाठवावं लागणार होतं. आणि पहिल्याच आठवड्यात सव्वीस जणांपैकी चौघांनी भलतंच लिहून पाठवलं. चौघांचंही वेळीच दुरुस्त झालं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न होताच. शेजाऱ्याकडून वाचून घ्या म्हणावं तर आपलं दुखणं चारचौघांत जातं. अशांना ध्वनिमुद्रित निरोप पाठवायचा ठरला. पण आवाज कोणाचा? विभागातल्या एका सिस्टरांनी प्रयत्न केला. त्या इतक्या गोड बोलल्या, की गोळी कुठे आली ते सापडेना. बाईंनी एका रविवारी नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि कागद हातात दिला. त्याने घसा खाकरला आणि मेन स्विचबद्दल विचारावं अशा सुरात वाचलं, "अर्धी गोळी. आज. जेवण झाल्यावर." संपलं. एक शब्द इकडे नाही, तिकडे नाही. पहिल्या फटक्यात पास. पुढे दूरदूरच्या बायका रुग्णालयात आल्या की विचारत, "ते गोळीवाले भाऊ कोण? फार नेमके आहेत."

टेलरमास्तर बरे होऊन घरी गेले होते, आणि दर महिन्याला त्यांचा आकडा यायचा. नुसता आकडा कधीच नाही. "माप घेतलं. २.९. अंगाबरोबर." "३.३. जरा सैल शिवलंय का?" "२.६. टाचणी लावली, दुखलं." बाईही उत्तर द्यायच्या, सत्तरच्या आत. डॉक्टरबाई कधी कधी मुद्दाम विचारायच्या, "मास्तर काय म्हणतात?"

दुसरं वर्ष संपत आलं होतं. एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मास्तरांचा निरोप आला. "३.४". बस.

आकडा चांगला होता. नियमाने बाईंनी तो तक्त्यात भरून डॉक्टरबाईंकडे पाठवायचा आणि "तीच गोळी" म्हणून कळवायचं. बाईंनी बोट उचललं आणि तिथेच थांबवलं. त्यांनी मास्तरांचं पान काढलं. बावीस महिन्यांत नुसता आकडा एकदाही नव्हता. आणि मागच्या महिन्याचा आकडाही ३.४च. पाठोपाठ दोन महिने तोच आकडा त्यांना याआधी कधी आला नव्हता.

त्यांनी लिहिलं: "मास्तर, आज रक्त दिलंत का?"

सहा मिनिटांनी उत्तर आलं. "नाही. मागचाच पाठवला. माफ करा."

"का?"

"कंबर धरली. चार दिवस उठवत नाही."

बाईंनी लगेच विचारलं, "कंबरेला काही घेतलंत?"

"दुकानातली दुखण्याची गोळी. दिवसाला तीन."

रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर ही दुखण्याची गोळी म्हणजे पोटात रक्त सुटण्याचा धोका, हे बाईंना आता कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी विचारलं, "शौचाला काळं होतंय?"

उत्तराला वेळ लागला. मग आलं, "कालपासून. डांबरासारखं. चक्कर येते."

डॉक्टरबाई शस्त्रक्रियेत होत्या. दाराबाहेर निरोप ठेवता येत होता, बाईंनी तो शिपायाबरोबर लिहून पाठवला. पण गाडी आत्ता हवी होती. मास्तरांच्या घरापासून सर्वांत जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, तिथला फोन कोण उचलतं, चालक या वेळी कुठे असेल, सगळं डोक्यात तयार होतं. नव्हता फक्त आवाज. बाईंनी कोऱ्या कागदावर भराभर लिहिलं, तो रेकॉर्डवाल्या भाऊंच्या समोर आपटला आणि टेबलावरच्या फोनवर केंद्राचा क्रमांक फिरवून रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. भाऊ दचकून जागे झाले.

"मी लिहिते, तुम्ही वाचा," बाई जीव खाऊन कुजबुजल्या. "मध्ये आपलं डोकं लावू नका."

भाऊंनी वाचलं. पलीकडचा माणूस म्हणाला, चालक बाहेर गेलाय. बाईंनी लिहिलं, भाऊंनी वाचलं: "कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर आहे. हाक मारा." पलीकडे लांबून मारलेली हाक ऐकू आली. "सापडला," पलीकडचा चकित होऊन म्हणाला. भाऊ आता खुर्चीत ताठ बसले होते.

इकडे बाईंचा दुसरा हात पेशंटचे निरोप येणाऱ्या विभागाच्या मोबाइलवर. "घरी कोण आहे?"

"कोणी नाही. बायको बहिणीकडे. संध्याकाळी येईल."

"दार आतून लावलंय?"

"हो."

दार बंद आणि आत माणूस बेशुद्ध, हे चित्र बाईंच्या डोळ्यांसमोर आलं. "रांगत जा. कडी काढा. तिथेच आडवे व्हा. गाडी निघाली." त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. चार मिनिटं. पाच.

"काढली."

"पाणी, गोळी काही घेऊ नका. दर पाच मिनिटांनी मला काहीतरी लिहा."

"काय लिहू?"

 बाईंनी लिहिलं, "साध्या सदऱ्याला कापड किती लागतं?"

"कोणासाठी?"

"माझ्या नवऱ्यासाठी. उंच आहेत."

"अडीच मीटर." पाच मिनिटांनी: "बाह्या पूर्ण?" बाईंनी लिहिलं, "पूर्ण." मग आलं, "मग पावणेतीन." त्यानंतर नुसतं "हं". त्यानंतर काहीच नाही.

बाईंनी पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. भाऊ उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. नऊ मिनिटं गेली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा त्यांनी एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. फोन थरथरला. मजकूर मास्तरांचा नव्हता, त्यांच्या फोनवरून दुसऱ्या कोणीतरी लिहिला होता: "दार उघडं होतं. घेतलं गाडीत. श्वास आहे. चालक."

बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भाऊंनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाले, "आधी घोटभर घ्या."

मास्तर पोचले तोवर डॉक्टरबाई शस्त्रक्रिया आटोपून खाली येऊन उभ्या होत्या, रक्ताच्या पिशव्या तयार होत्या. आकडा नऊच्या पुढे होता. पोटात रक्तस्राव झाला होता. चार पिशव्या रक्त द्यावं लागलं, तीन दिवस काही सांगता येत नव्हतं, चौथ्या दिवशी मास्तरांनी डोळे नीट उघडले. त्यांची बायको त्या तीन दिवसांत वॉर्डाच्या बाकावरून हलली नाही. बाई जेवणाच्या सुटीत येऊन तिच्याशेजारी बसत. दोघी काही बोलत नसत. एकीला बोलवत नव्हतं, दुसरीला बोलता येत नव्हतं.

अकराव्या दिवशी मास्तर घरी जायला निघाले तेव्हा काठी टेकत रेकॉर्डच्या खोलीत आले. सगळ्यांना वाटलं, आता आभार मानतील. मास्तर म्हणाले, "बाई, तुमच्यावर माझी तक्रार आहे. दार उघडं ठेवायला लावलंत, शेजारचं मांजर आत शिरलं, अख्खं पातेलं दूध पिऊन गेलं." आणि मग त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि फायलींच्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

डॉक्टरबाईंनी बाईंना विचारलं, "आकडा तर बरोबर होता. मी असते तर 'तीच गोळी' म्हणून सोडून दिलं असतं. तुम्हाला कसं कळलं?"

बाई जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "माणूस रोज गाणं गुणगुणत दारावरून जातो. एक दिवस नुसताच गेला, तर आपण बघतो ना बाहेर?"

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. आकडा मागणाऱ्या प्रत्येक निरोपात "रक्त कोणत्या तारखेला दिलं?" हा प्रश्न आला. गोळीच्या प्रत्येक पाकिटावर एक चिठ्ठी लागली: दुखण्याची कुठलीही गोळी घेण्याआधी आम्हाला विचारा, खाली क्रमांक. महिन्यातून एकदा, आकड्याशी काही संबंध नसताना, "कसे आहात?" एवढाच निरोप जाऊ लागला. साहेब म्हणाले, याचा उपयोग काय? बाईंनी त्या महिन्यात आलेली उत्तरं छापून त्यांच्या टेबलावर ठेवली. सात जणांनी आधी न सांगितलेली दुखणी सांगितली होती. एकाने लिहिलं होतं, "बरा आहे. कोणी विचारलं नव्हतं." साहेबांनी ती पानं दोनदा वाचली आणि पुन्हा तो प्रश्न काढला नाही. मधुमेहाच्या विभागाने आणि बाळंतिणींच्या विभागाने आपापले निरोप बाईंकडे तपासायला पाठवायला सुरुवात केली, आणि बाई ते लाल पेन्सिलने माखून परत पाठवू लागल्या.

आता बाईंच्या यादीत चारशे बारा माणसं आहेत. आवाज आला नाही, येणारही नाही, हे त्यांनी मान्य केलंय. कधी कधी मात्र, घरी एकट्या असताना, त्या गळ्यावर हात ठेवून एखादा शब्द मोठ्याने म्हणून बघतात. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या झाल्या आहेत आणि हल्ली स्वतःच निरोप लिहून देतात, जे सत्तरमध्ये कधीच मावत नाहीत.

परवा रेकॉर्डच्या खोलीत एक नवी पेशंट आली. तीन आठवड्यांपूर्वी झडप बसवलेली, शाळेत शिकवणारी बाई. नाव यादीत घालायचं होतं. हॅलोबाईंनी तिला जवळ बसवलं आणि नेहमीचे प्रश्न विचारले. फोन स्वतःकडेच असतो का? दिवसा वर्गात असताना तो बंद ठेवता का? निरोप घरातल्या दुसऱ्या कोणी वाचला तर चालेल का? शेवटच्या प्रश्नावर ती थोडी अडखळली. मग हळू आवाजात म्हणाली, "नको. सासरी सगळ्यांना माहीत आहे, पण रोज रोज त्यांना आठवण नको."

"मग झडप, हृदय, रुग्णालय, कुठलाच शब्द लिहायचा नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं 'अर्धी' पाठवीन. वाचणाऱ्याला वाटेल, चहाची ऑर्डर आहे."

ती हसली. छातीवरची जखम ओढली गेली म्हणून तिने चटकन हात धरला, पण हसायची थांबली नाही. बाईंनी तिचा क्रमांक दोनदा तपासून लिहून घेतला, समोरच बसवून पहिला निरोप पाठवला, आणि तिच्या पर्समधला फोन वाजेपर्यंत तिला उठू दिलं नाही.